कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिअल: ही जात नक्की किती जुनी?

पानगळ

माझ्या दिराच्या घरी कॅव्हेलिअरचं पिल्लू आणायचं घाटतंय. ज्या ब्रीडरकडे ते बघून आले तिने एक माहितीपत्रक दिलं. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय, 'सोळाव्या शतकापासून राजघराण्यांत वाढलेली जात'. मला ते लगेच पटलं. फ्लॉरेन्सच्या उफीत्झी संग्रहालयात तिशियनची 'उर्बिनोची व्हीनस' पाहताना माझं सगळं लक्ष तिच्या पायाशी मुटकुळं करून झोपलेल्या तांबड्या-पांढऱ्या कुत्र्याकडेच गेलं होतं. ते कुत्रं आणि दिराने दाखवलेला पिल्लाच्या आईचा फोटो शेजारी ठेवले तर मायलेकी वाटतील. चित्र १५३८ चं आहे.

पण मग वाचलं की इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली ती थेट १९४५ मध्ये. चारशे वर्षं राजवाड्यात नांदलेल्या कुत्र्याला कागदावर यायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं? यातलं खरं काय धरायचं?

त्याच पत्रकातल्या आणखी दोन गोष्टी. एक, राजा दुसरा चार्ल्स याने कायदा केला की या कुत्र्यांना पार्लमेंटसकट कुठल्याही सार्वजनिक इमारतीत अडवता येणार नाही, आणि तो कायदा अजून लागू आहे. दुसरी, डोक्यावरचा तो तांबडा ठिपका मार्लबरोच्या डचेसच्या अंगठ्यामुळे आला.

दीर हौशी आहे आणि तितकाच भाबडाही. पिल्लू घरात यायच्या आत मला नीट माहिती करून घ्यायची आहे. जाणकारांनी सांगावं.

टेकडीवरून

केनेल क्लबची नोंद आणि जातीचं वय यांची गल्लत करू नका. क्लबच मुळी १८७३ चा. त्याच्या आधी कुठल्याच जातीची तशी नोंद नव्हती. शेकडो वर्षं मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांनासुद्धा कागद फार उशिरा मिळाले. चित्रांत कुत्रं दिसतंय, राजाचं नाव जातीला आहे, मग अजून काय पुरावा हवा? माझ्या मते पत्रक बरोबर आहे. कायद्याची गोष्ट मीही ऐकलीय, खरीखोटी ठाऊक नाही.

ओसरी

पानगळ, माझ्या घरात बरीच वर्षं कॅव्हेलिअर आहेत आणि त्यांचा इतिहास हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

टेकडीवरून, तुमचा मुद्दा बऱ्याच जातींना लागू पडतो. इथे पडत नाही. चित्रांतलं कुत्रं आणि आजचा कॅव्हेलिअर यांच्यामध्ये एक मोठा खंड आहे. त्या खंडात हा चेहरा प्रदर्शनांतून पार हद्दपार झाला होता, आणि नंतर माणसांनी तो जाणूनबुजून परत आणला. माझ्या दृष्टीने या जातीची खरी गोष्ट तीच आहे, आणि पत्रकांत ती कधीच नसते.

आधी जुन्या काळाबद्दल. युरोपातल्या दरबारांत लहान स्पॅनिअल सोळाव्या शतकापासून होते, याबद्दल वाद नाही. केंब्रिजचा वैद्य जॉन कायस याने १५७० मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. बड्या घरच्या बायका या इवल्याशा कुत्र्यांना मांडीवर घेऊन वेळ दवडतात म्हणून तो त्यांच्यावर चांगलाच तोंडसुख घेतो. आणि तोच पुढे लिहितो की पोटाच्या दुखण्यावर ही कुत्री गुणकारी असतात, पोटाशी धरली की आराम पडतो. थंडगार दगडी वाड्यांत जिवंत ऊब मिळत होती, हे तर उघडच आहे.

स्कॉटलंडच्या मेरी राणीची गोष्टही कॅव्हेलिअरच्या पुस्तकांत हमखास असते. ८ फेब्रुवारी १५८७ ला फॉदरिंगे इथे तिचा शिरच्छेद झाला तेव्हा तिच्या घागऱ्यात दडलेलं कुत्रं बाहेर आलं आणि धड आणि डोकं यांच्यामध्ये जाऊन बसलं, तिथून हलेना. तिथे हजर असलेल्या माणसाने हे लिहून ठेवलंय. पण त्याने फक्त 'छोटं कुत्रं' म्हटलंय. जात सांगितलेली नाही. स्पॅनिअलवाले ते आपलं म्हणतात, स्काय टेरिअरवाले आपलं. ही गोष्ट वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो, पण जातीचा पुरावा म्हणून मी ती वापरणार नाही.

चार्ल्सचं मात्र खरं. व्हॅन डाइकने १६३७ मध्ये पहिल्या चार्ल्सच्या पाच मुलांचं चित्र काढलं. पुढे दुसरा चार्ल्स झालेला सात वर्षांचा मुलगा मधोमध उभा आहे, त्याचा हात एका अवाढव्य मॅस्टिफच्या डोक्यावर. सगळे त्या धिप्पाड कुत्र्याकडेच बघतात. उजव्या कोपऱ्यात खाली पाहा, तिथे एक लहान स्पॅनिअल आहे. राजा झाल्यावर चार्ल्सने या कुत्र्यांचा जो लळा लावून घेतला, त्याचं वर्णन त्या काळच्या जॉन इव्हलिन या लेखकाने १६८५ मध्ये राजा वारला तेव्हा रोजनिशीत केलंय. राजाच्या मागे स्पॅनिअलांचं लटांबर असायचं, ती त्याच्या शयनगृहात झोपायची, कुत्र्या तिथेच वीत आणि पिल्लांना पाजत. साऱ्या दरबारात दुर्गंधी भरलेली असे, अशी त्याची तक्रार आहे.

या वर्णनातच माझा मुद्दा आहे. शयनगृहात कोण कोणापासून व्यायलं याची वही तिथे कोणीही ठेवत नव्हतं. वंशावळ बंद करायची, बाहेरचं रक्त येऊ द्यायचं नाही, ठरलेल्या मापात बसेल तेच शुद्ध, हा विचार एकोणिसाव्या शतकातला. सतराव्या शतकात 'छोटे स्पॅनिअल' हा एक सैलसर घोळका होता. त्यात काळी होती, तांबडी-पांढरी होती, तिरंगी होती, लहानमोठी सगळी होती.

१६८८ मध्ये विल्यम हॉलंडहून आला, आणि त्याच्या राज्यात चपट्या तोंडाच्या पग कुत्र्यांची चलती झाली. तांबड्या-पांढऱ्या स्पॅनिअलांना आसरा मिळाला तो मार्लबरो घराण्यात. १३ ऑगस्ट १७०४ ला पहिल्या ड्यूकने ब्लेनिमची लढाई जिंकली, त्याच्या राजवाड्याला तेच नाव मिळालं आणि त्या रंगाच्या कुत्र्यांनाही. तुमच्या पत्रकातली अंगठ्याची गोष्ट इथली. लढाईची बातमी येईपर्यंत डचेस सारा गाभण कुत्रीच्या डोक्यावर अंगठा दाबत बसली होती आणि पिल्लं ठिपका घेऊन जन्मली, असं सांगतात. गोष्ट गोड आहे. पण पिल्लाचा रंग आईबापांकडून येतो, आईचं डोकं दाबून नाही. पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध तांबडं बेट राहणं हा पांढऱ्या डागांच्या वारशाचाच भाग आहे, आणि तो सगळ्या ब्लेनिम पिल्लांत उतरतही नाही.

आता खंडाकडे येऊ. व्हिक्टोरिया राणीचा डॅश हा तिरंगी स्पॅनिअल. २८ जून १८३८ ला राज्याभिषेक आटोपून ती घरी आली आणि तिने डॅशला आंघोळ घातली, ही नोंद प्रसिद्ध आहे. चित्रकार लँडसीरने काढलेली डॅशची चित्रं बघा, त्याला व्यवस्थित नाक आहे. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मात्र फॅशन पालटली. चपटं तोंड, घुमटासारखं कपाळ, मोठे गोल डोळे असलेलं कुत्रं जास्त 'गोड' ठरलं. पग आणि जपानी कुत्र्यांचा संकर झाला असावा असं तेव्हापासून बोललं जातं. १८८५ मध्ये टॉय स्पॅनिअलांचा क्लब झाला आणि प्रदर्शनांत बक्षिसं त्या चपट्या तोंडालाच मिळू लागली. तेव्हा रंगानुसार चार वेगळ्या जाती मानत: काळा-तांबडा किंग चार्ल्स, तिरंगी प्रिन्स चार्ल्स, तांबडा-पांढरा ब्लेनिम आणि निव्वळ तांबडा रुबी. १९०३ मध्ये केनेल क्लब त्यांना एकत्र करून 'टॉय स्पॅनिअल' म्हणायला निघाला. टॉय स्पॅनिअलांचे क्लबवाले भडकले, आणि खुद्द राजा सातवा एडवर्ड याने 'किंग चार्ल्स स्पॅनिअल' हे नाव आपल्याला पसंत असल्याचं सांगितल्यावर वाद मिटला. म्हणजे बघा, चार्ल्सचं नाव ज्या कुत्र्याला अधिकृतपणे मिळालं त्याचा चेहरा चार्ल्सच्या कुत्र्यांसारखा उरलाच नव्हता. ती चपट्या तोंडाची जात आजही आहे आणि ती कॅव्हेलिअरपेक्षा वेगळी आहे.

हे खुपणारी माणसं तेव्हाही होती. ज्युडिथ ब्लंट-लिटन ही कवी बायरनची पणती. पुढे अरबी घोड्यांच्या पैदाशीसाठी तिचं नाव झालं. तिने १९११ मध्ये छोट्या कुत्र्यांच्या पूर्वजांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. जुनी चित्रं समोर ठेवून ती दाखवून देत होती की तुम्ही ज्याला जुनी जात म्हणता ती जुनी नाही. जुना ब्लेनिम परत आणायला तिने स्वतः संकरही करून पाहिले. मला ही बाई फार आवडते. सगळा प्रदर्शनी गोतावळा विरुद्ध असताना ती चित्रांचा पुरावा पुढे करत राहिली.

आणि मग आला रॉझवेल एल्ड्रिज, अमेरिकन. तो इंग्लंडमध्ये जुन्या धाटणीचे स्पॅनिअल शोधत आला आणि त्याला चपटी तोंडंच सगळीकडे दिसली. १९२६ च्या क्रफ्ट्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या श्वानप्रदर्शनात, त्याने बक्षीस लावलं: सर्वोत्तम नराला २५ पौंड, सर्वोत्तम मादीला २५ पौंड. अट अशी की ब्लेनिम स्पॅनिअल 'दुसऱ्या चार्ल्सच्या काळातल्या चित्रांत दिसतात तसे' हवेत. तोंड लांब, माथा सपाट, कपाळ आणि नाक यांच्यामध्ये खाच नाही, डोक्यावर मध्यभागी ठिपका. ब्रीडर मंडळींना हा अपमान वाटला. वर्षानुवर्षं खपून त्यांनी जे नाक आखूड केलं, तेच कोणीतरी परत मागत होतं.

तरी काहींनी कुत्री आणली. ती कुठून आणली ते महत्त्वाचं आहे. चपट्या तोंडाच्या आईबापांच्या पोटीही अधूनमधून लांब नाकाचं पिल्लू निघायचं. प्रदर्शनाच्या दृष्टीने ते वाया गेलेलं. ते कोणाला तरी घरी पाळायला देऊन टाकत. कॅव्हेलिअरची सुरुवात अशा नाकारलेल्या पिल्लांपासून झाली.

१९२८ मध्ये क्रफ्ट्सच्या दुसऱ्या दिवशी या लांब नाकाच्या कुत्र्यांच्या नव्या क्लबची पहिली बैठक भरली. मिस मोस्टिन वॉकर यांचा 'ॲन्स सन' हा कुत्रा नमुना म्हणून टेबलावर उभा केला होता, आणि सभासदांनी सोळाव्या, सतराव्या, अठराव्या शतकांतल्या चित्रांच्या मिळतील तेवढ्या प्रती आणल्या होत्या. एका बाजूला जिवंत कुत्रा, दुसऱ्या बाजूला तिशियन आणि व्हॅन डाइकच्या परंपरेतले कागद, आणि त्यावरून जातीचं मानक लिहिलं गेलं. ते जवळपास तसंच आजवर चालत आलंय. केस कातरायचे नाहीत, कुत्र्याला फॅशनपायी घडवायचं नाही, असंही तेव्हाच ठरलं. चपट्या तोंडाच्या किंग चार्ल्सहून वेगळं ओळखता यावं म्हणून नावाआधी 'कॅव्हेलिअर' लावलं. एल्ड्रिज त्याच वर्षी वारला. आपल्या २५ पौंडांतून काय उभं राहिलं ते त्याने पाहिलं नाही.

केनेल क्लबचं म्हणणं होतं की वेगळी जात मानण्याइतकी कुत्री तुमच्याकडे नाहीत. त्यात युद्ध आलं. अन्नटंचाईत कुत्री कोण पोसणार? कॅव्हेलिअर क्लबचा कणा असलेल्या एमिस पिट यांच्याकडची ६० कुत्री ३ वर आली. १९४५ मध्ये मान्यता मिळाली, तीसुद्धा या बाईंच्या चिकाटीमुळे. १९४८ मध्ये त्यांच्या मुलीचा डेवेल रॉजर हा या जातीचा पहिला चॅम्पियन ठरला.

तेव्हा पानगळ, दिराला एवढंच सांगा की त्याचं पिल्लू विसाव्या शतकातल्या जातीचं आहे आणि ती जात सतराव्या शतकातल्या चित्रांवरून घडवलेली आहे. रक्ताचा धागा जुन्या कुत्र्यांपर्यंत जातो, पण सरळ जात नाही. चपट्या तोंडाच्या पिढ्यांमधून फिरून जातो.

कायद्याचं म्हणाल तर असा कुठलाही कायदा नाही. पार्लमेंटच्या दारात कॅव्हेलिअर घेऊन गेलात तर परत पाठवतील.

निळावंती

ओसरी, वाचताना रात्रीचं जेवण लांबलं. चार्ल्सबद्दल थोडी भर घालते, कारण त्या काळातला सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्स याची रोजनिशी माझी लाडकी आहे.

२५ मे १६६० ला चार्ल्स परागंदा आयुष्य संपवून डोव्हरला उतरला. पीप्स वेगळ्या नावेत होता आणि त्या नावेत राजाचं लाडकं कुत्रंही होतं. कुत्र्याने नावेतच घाण केली. सगळे हसले. पीप्स लिहितो की तेव्हा त्याच्या मनात आलं, राजा आणि राजाचं जे जे काही असतं तेही इतरांसारखंच. राज्य परत मिळण्याच्या दिवशी त्याला हे लिहावंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे १६६७ मध्ये तोच पीप्स वैतागून लिहितो की राजा मंत्रिमंडळाच्या बैठकीत कामाकडे लक्ष न देता कुत्र्याशीच खेळत होता.

आणि १६६० च्याच उन्हाळ्यात वर्तमानपत्रात राजाच्या हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात आली होती. मजकूर असा की महाराजांचं काळं कुत्रं चोरीला गेलंय, ते ग्रेहाउंड आणि स्पॅनिअल यांच्यामधलं आहे, छातीवर पांढरी रेघ, शेपूट थोडी तोडलेली. शेवटी कळवळून विचारलंय की लोक महाराजांना लुटायचं थांबवणार तरी कधी, त्यांनी एक कुत्रंसुद्धा बाळगू नये का?

ग्रेहाउंड आणि स्पॅनिअल यांच्यामधलं! राजाच्या जिवाचा तुकडा असलेलं कुत्रं शुद्ध स्पॅनिअलही नव्हतं. ओसरींनी जो सैलसर घोळका म्हटलाय तो हाच.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ओसरी, तुमचा प्रतिसाद दिराला वाचून दाखवला. नाकारलेल्या पिल्लांच्या भागाला तो एकदम गप्प झाला.

आता पुढचा प्रश्न. ६० ची ३ झाली असं तुम्ही लिहिलंत. मग आजची एवढी सगळी कॅव्हेलिअर आली कुठून? इतक्या थोड्या कुत्र्यांपासून पैदास झाली असेल तर त्याचा त्रास नाही का होणार? या जातीला हृदयाचा आजार असतो असं ओझरतं ऐकलंय. ब्रीडर म्हणाली, 'आमच्याकडे सगळी तंदुरुस्त आहेत'.

ओसरी

युद्धानंतर उरलेल्या जेमतेम सहा कुत्र्यांपासून आजची जात वाढली, असं तिच्या इतिहासात सांगितलं जातं. अगदी सहा धरा किंवा थोडी जास्त, पाया अरुंद होता हे नक्की. त्यानंतर प्रत्येक पिढीत जिंकलेल्या मोजक्या नरांचाच वापर झाला. १९७३ मध्ये ॲलन्समियर अक्वेरियस हा कॅव्हेलिअर क्रफ्ट्सचा सर्वोच्च विजेता ठरला आणि मागणी भराभर वाढली. अरुंद पायावर फार उंच माडी चढली.

हृदयाचं सांगते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप जाड आणि वेडीवाकडी होत जाते, नीट मिटत नाही, रक्त उलटं फिरतं. डॉक्टरला स्टेथोस्कोपमधून तो आवाज, मर्मर, ऐकू येतो. म्हातारपणी हे कुठल्याही छोट्या कुत्र्याला होऊ शकतं. कॅव्हेलिअरला ते लवकर होतं. पाच वर्षांच्या आसपास साधारण निम्म्यांत मर्मर सापडतो, दहापर्यंत जवळजवळ सगळ्यांत. २०२१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी आठ जातींचे जनुकसंच ताडून पाहिले, त्यांत अपायकारक बदलांचा भार कॅव्हेलिअरमध्ये सगळ्यांत जास्त निघाला.

दुसरा आजार कवटीचा. मागची बाजू मेंदूला अपुरी पडते, मेंदूभोवतीच्या पाण्याचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पोकळ्या होतात. अशी कुत्री मानेजवळ हवेतच खाजवतात, पंजा अंगाला लागतही नाही. गळपट्टा सहन होत नाही. जिना चढताना किंवा उचलून घेताना किंचाळतात. बघणाऱ्याला वाटतं पिसवा झाल्या असतील. निदान एमआरआयनेच होतं.

माझ्या आत्ताच्या कुत्रीला मर्मर आहे. रोज रात्री ती झोपली की मिनिटाला किती श्वास घेते ते मोजते. तिशीच्या वर सतत जायला लागला तर डॉक्टरांना कळवायचं, असं सांगितलंय. हृदय मोठं झालंय पण धाप अजून लागत नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडान हे औषध सुरू केलं तर हृदय निकामी होणं सरासरी सव्वा वर्षाने लांबतं, हे २०१६ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. सव्वा वर्ष म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात पुष्कळ. म्हणून आजार लवकर कळणं फार महत्त्वाचं आहे.

पैदाशीतही हे सुधारता येतं. १९९८ पासून नियम सुचवलेला आहे: अडीच वर्षांच्या आत वीण नको, आणि त्या नरमादीच्या आईबापांची हृदयं पाचव्या वर्षी तपासून निर्दोष निघालेली हवीत. डेन्मार्कमध्ये हृदयतपासणी सक्तीची केली, तर आठ-दहा वर्षांत मर्मरचा धोका ७३ टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. एवढा मोठा फरक एवढ्या थोड्या पिढ्यांत पडतो, हे ज्या ब्रीडरना ठाऊक आहे आणि तरी जे तपासणी करत नाहीत, त्यांच्याबद्दल मला मनस्वी राग आहे.

नॉर्वेत तर प्रकरण कोर्टात गेलं. प्राणी संरक्षण संस्थेने खटला भरला. २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कॅव्हेलिअरची शुद्ध पैदास तिथल्या प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही. दुसऱ्या जातीशी विचारपूर्वक संकर करायला मात्र मुभा आहे.

टेकडीवरून

आजारांचं मान्य. पण संकर केला की कॅव्हेलिअर उरेल का? चित्रांवरून एवढ्या कष्टाने परत आणलेला चेहरा पुन्हा घालवायचा? डेन्मार्कसारखी तपासणी सगळीकडे सक्तीची करा, मी पाठिंबा देईन. वंशावळ उघडायला मात्र माझा विरोध आहे. एकदा उघडली की कोणीही काहीही विकेल आणि त्याला कॅव्हेलिअर म्हणेल.

ओसरी

तुमची भीती खोटी नाही. संकर म्हणून काहीही गळ्यात मारणारे आजही आहेत. मी बोलतेय ते नोंदी ठेवून, तपासलेली कुत्री घेऊन, काही पिढ्यांची योजना आखून केलेल्या संकराबद्दल. चेहऱ्याचं म्हणाल तर तो परत आणता येतो हे या जातीइतकं स्वच्छ कुठल्याच जातीने दाखवलेलं नाही. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांतून वीस वर्षांत लांब नाक परत आलं. झडपेसाठी अजून तसा हट्ट कोणी धरलेला नाही. तपासणीने हृदयाचा धोका कमी होतो, हो, पण सगळ्यांतच जो दोष ठाण मांडून बसलाय तो काढायला निवडण्याजोगी निर्दोष कुत्रीच उरत नाहीत, बाहेरून चांगलं रक्त आणावं लागतं. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, तरी सक्तीच्या तपासणीपुरतं झालं हेही काही कमी नाही.

पानगळ, 'सगळी तंदुरुस्त आहेत' या उत्तरावर थांबू नका. दिराला म्हणावं, ब्रीडरला हे विचार. पिल्लाच्या आईचं आणि बापाचं वय काय? हृदयतज्ज्ञ पशुवैद्याने त्यांना शेवटचं कधी तपासलं, त्याचा कागद दाखवता का? आजी-आजोबांपैकी कोण हयात आहे आणि त्यांना मर्मर कितव्या वर्षी आला? आईबापांचा डोक्याचा एमआरआय झालाय का? आणि आईला प्रत्यक्ष पिल्लांबरोबर बघायला मिळेल का? चांगला ब्रीडर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट फाइल काढून बसतो. आई दीड वर्षाची आणि कागद एकही नाही असं निघालं, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी तिथून घेऊ नये.

पानगळ

प्रश्न दिराला जसेच्या तसे पाठवले. त्याने ब्रीडरला फोन केला. आई दोन वर्षांची आहे, ही तिची दुसरी वीण. हृदयाचा कागद 'नेहमीच्या डॉक्टरांनी ऐकून बघितलं, ठीक आहे' एवढाच. एमआरआय नाही. आजोबांबद्दल काही सांगता आलं नाही.

त्याने अनामत दिली नव्हती हे नशीब. पोरं हिरमुसली आहेत, पण तो आता तपासणी केलेल्या विणीसाठी नाव नोंदवून थांबायला तयार झालाय. ओसरी, अशा विणींच्या यादीत नाव घालण्यासाठी जातीच्या क्लबकडे थेट लिहायचं का?

ओसरी

हो, थेट क्लबच्या सचिवांना लिहायचं. पिल्लांची माहिती देणारी व्यक्ती बहुतेक क्लबांत असते. पत्रात पहिल्याच ओळीत सांगा की आईबाप दोघांची हृदयतपासणी आणि एमआरआय झालेली वीण हवी आहे, रंग कुठलाही चालेल. रंगाची अट काढली की यादीत नंबर लवकर लागतो. आणि दिराला विचारून पाहा, मोठं कुत्रं चालेल का. पैदाशीतून निवृत्त केलेल्या पाच-सहा वर्षांच्या कुत्र्या क्लबमार्फत घर शोधत असतात. त्यांच्या हृदयाचं काय आहे ते त्या वयात बरंचसं कळलेलं असतं, आणि पोरांच्या मांडीवर यायला त्यांना एक दुपार पुरते.